रिग (रेडिओ संच) प्रवासाला नेताना : पेटीसोबतचं माहितीपत्रक

नमस्कार,

पेटी घेतल्याबद्दल मनापासून आभार. हा कागद घडी घालून झाकणाच्या आतल्या खिशात ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर तो एकदा काढून वाचावा, अशी विनंती आहे.

आमचं मूळ काम गवसण्यांचं. तबला-डग्गा, तानपुरा, हार्मोनियम आणि पुढे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या कॅमेरा-बॅगा. मग घरातच हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आला, रिग घेऊन डोंगरावर जायचं वेड लागलं आणि रेडिओची पहिली पेटी स्वतःसाठीच केली. तशी वेळच आली होती. सेकंडहँड घेतलेला एफटी-८१७ हा छोटा रेडिओ टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये टाकला आणि एसटीनं सप्तशृंगी गडाला निघालो. सॅक सगळा वेळ मांडीवर होती. कुठे आपटली नाही, पडली नाही. गडावर पोचून सेट चालू केला, तर मुख्य डायल एका जागी अडखळत होता आणि बोट लावलं की फ्रिक्वेन्सी उड्या मारत होती. सॅकमधली पाण्याची बाटली डायलच्या नॉबवर टेकली होती, एवढंच झालं होतं. दिंडोरी, वणी, नांदुरी, रस्त्याचा प्रत्येक दणका त्या बाटलीतून नॉबच्या दांड्यात उतरला होता.

तबल्याच्या गवसणीचा पहिला नियम आम्हाला लहानपणापासून पाठ आहे : भार लाकडी खोडावर यावा, शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळावर, येता कामा नये. रेडिओलाही हाच नियम लागतो हे त्या दिवशी कळलं. नॉब, अँटेनाचं सॉकेट, माइकची जोडणी, डिस्प्लेची काच ही रेडिओची शाई. धातूची चौकट हे त्याचं खोड.

पेटीत ठेवताना

म्हणूनच तुमच्या पेटीतल्या फोमचा खाच तुमच्या रेडिओच्या मापानं कापला आहे. रेडिओ आत बसवला की डायलसमोर साधारण बोटभर पोकळी दिसेल. ती मुद्दाम सोडली आहे. तिथे रुमाल, केबल, माइक असं काही कोंबू नका. "जागा रिकामी दिसली म्हणून माइक ठेवला" असं सांगणारे ग्राहक दर महिन्याला येतात, आणि त्यांच्या डायलची गत आमच्या एफटी-८१७सारखीच झालेली असते.

अँटेना आधी काढायची. टेलिस्कोपिक अँटेना बीएनसी सॉकेटवर तशीच राहिली तर ती लांब पहारीसारखं काम करते. टोकाला हलका धक्का बसला तरी सॉकेटच्या बुडाशी तो कितीतरी पटीनं पोचतो आणि आत सर्किट बोर्डावरचा सोल्डरचा टाका तडकतो. हा बिघाड वरून दिसत नाही. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) कधी बरा, कधी भयंकर दिसू लागतो आणि माणूस अँटेनातच दोष शोधत बसतो. आयसी-७०५ या रेडिओचं अँटेना सॉकेट बाजूला आहे, त्यामुळे सॅक टेकवून ठेवताना तीच बाजू खाली जाऊ शकते. त्या पेट्यांवर आम्ही बाहेरून लाल पट्टी शिवतो. लाल पट्टी नेहमी वर.

माइकही काढा. माइक जोडलेला राहिला आणि सॅकमध्ये त्याचं पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलं गेलं, तर रेडिओ अँटेनाविना ट्रान्समिट करत राहतो. त्यात फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नलला शेवटची ताकद देणारे, जाऊ शकतात. हँडीचं, म्हणजे हातात धरायच्या रेडिओचं, तर हे बटण सेटवरच असतं, म्हणून हँडी बंद करून, बॅटरी सैल करून ठेवावी. चालू ठेवायचीच असेल, तर कीपॅड लॉकवर विसंबू नका, कारण बऱ्याच हँडींवर लॉक लावूनही पीटीटी चालतं. टाइम-आउट टायमर (ठरावीक वेळानं ट्रान्समिट आपोआप थांबवणारी सोय) मात्र जरूर लावा. सॅकमधली एक दाबलेली हँडी अख्खा रिपीटर (सगळ्यांचे सिग्नल पुढे पाठवणारं सामाईक केंद्र) अडवून धरते आणि त्याच वेळी कुणाला खरी गरज असू शकते.

बॅटरी रेडिओच्या कप्प्यात नको. १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळपास रेडिओइतकीच जड असते. एका कप्प्यात दोघं राहिले, की प्रवासभर बॅटरी हातोडा होते आणि रेडिओ ऐरण. बॅटरीची वेगळी पिशवी म्हणूनच दिली आहे. तिच्या तोंडाशी टोपी आहे ती लावा. किल्ली किंवा सुटं नाणं दोन टोकांना टेकलं की वायर क्षणात लाल होते. फ्यूज रेडिओच्या टोकाला लावून भागत नाही, बॅटरीच्या टोकाजवळ हवा.

फोमबद्दल थोडं सविस्तर

"जाड फोम घाला, पैसे जास्त घ्या" असं पुष्कळ जण सांगतात. आम्ही नाही म्हणतो, त्याचं कारण असं. एक मीटरवरून वस्तू पडली आणि फरशीवर दोन मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाचशेपट धक्का बसतो. तीच वस्तू फोममध्ये दोन सेंटिमीटर रुतून थांबली, तर धक्का पन्नासपटीवर येतो. म्हणजे सगळा खेळ फोम किती दबतो यावर आहे. फोम फार टणक असेल, तर किलो-सव्वा किलोचा रेडिओ त्याला दाबूच शकत नाही आणि तो फोम फरशीसारखाच वागतो. फार मऊ असेल, तर रेडिओ त्यातून थेट तळाला टेकतो. यासाठी आम्ही दोन थर लावतो : खाली घट्ट, वर नरम. घरी पाहायचं असेल तर रेडिओ खाचात ठेवून तळहातानं हलकं दाबा. रेडिओ थोडा खाली जाऊन परत वर यायला हवा. परत आला नाही तर फोम मेला. पेटी आमच्याकडे घेऊन या.

दुसरी गोष्ट फोमच्या जातीची. बाजारात सहज मिळणारा राखाडी, स्पंजासारखा फोम पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत काही वर्षांत तो विघटित होतो. आधी पिवळा पडतो, मग चिकट होतो, शेवटी बोट लावलं की भुगा. हा चिकटा एकदा डिस्प्लेला किंवा रबरी बटणांना लागला की निघता निघत नाही. घोटीच्या एका ग्राहकानं दोन पावसाळे माळ्यावर राहिलेली जुनी पेटी आणली होती. रेडिओ उचलला तर फोमची अख्खी पापडी स्पीकरच्या जाळीला धरून वर आली. ती जाळी सुईनं, एकेक छिद्र घेत साफ करायला दुपार गेली. आम्ही पॉलिथिलीनचा फोम वापरतो. हाताला तो थोडा कोरडा, कुरकुरीत लागतो, दिसायला तेवढा छान नाही, पण पाणी धरत नाही आणि असा गळून पडत नाही. तुमच्याकडे दुसऱ्या कुणाची पेटी असेल तर तिचा फोमही एकदा नखानं खरवडून बघा.

आणि पेटीत डांबरगोळ्या टाकू नका. कपाटातल्या सवयीनं बरेच जण टाकतात. त्यांच्या वाफेनं काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं.

पावसाळा

ब्रह्मगिरी, अंजनेरी, पहिन्याचा परिसर आषाढ-श्रावणात सुंदर असतो आणि आपल्यातले बरेच जण तेव्हाच निघतात. त्या दिवसांत पावसाच्या थेंबांइतकीच काळजी ओल्या हवेची घ्यावी लागते. थेंब पेटी अडवते. ओली हवा तुम्ही स्वतः आत कोंडता.

समजा, तुम्ही धुक्यात पेटी उघडून तासभर रेडिओ वापरला आणि तिथेच कडी लावून बंद केली. आत अडकलेली हवा बाष्पानं भरलेली आहे. रात्री थंडी पडली की तेच बाष्प काचेच्या आतून, बोर्डावर, जिथे जागा मिळेल तिथे पाणी होऊन बसतं. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम : पेटी उघडी टाकायची, रेडिओ बाहेर काढायचा, पंख्याखाली रात्रभर. दमून आलेलं असलं तरी हे करा.

उलट प्रकार गाडीच्या एसीमुळे होतो. इगतपुरीपर्यंत थंडगार गाडीतून गेलात आणि बाहेर दमट हवेत लगेच पेटी उघडली, तर थंड रेडिओवर दव धरतं, जसं पन्ह्याच्या पेल्यावर धरतं. अर्धा-पाऊण तास पेटी बंदच राहू द्या, आतला रेडिओ हवेच्या तापमानाला येऊ द्या.

सिलिका जेलची पुडी झाकणात दिली आहे. केशरी दाणे हिरवट झाले की पुडी भरली. दाणे सुट्टे करून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवले की परत केशरी होतात. पुडी फक्त हवाबंद पेटीतच कामाची. कापडी बॅगेत टाकली तर ती बाहेरच्या हवेतलंच पाणी पीत बसते.

हवाबंद पेटी घेतलेल्यांसाठी खास सूचना. साल्हेरचा माथा १५६७ मीटरवर आहे, नाशिक शहर ६०० मीटरच्या आसपास. माथ्यावर पेटी बंद केली, की आत तिथली विरळ हवा राहते. खाली येईपर्यंत बाहेरचा दाब साधारण एक अष्टमांशानं वाढलेला असतो. झाकण ३० बाय २० सेंटिमीटरचं असेल तर त्यावर साठ किलोच्या आसपास भार बसतो. झाकण हलत नाही, मग लोक स्क्रूड्रायव्हर घालतात आणि रबरी गॅस्केट फाडतात. कृपया तसं करू नका. हँडलखाली काळं बोंड आहे, ते अर्धा फेरा सैल करा, सुस्स आवाज येईल, झाकण बोटानं उघडेल. मग बोंड परत घट्ट.

एवढं करूनही रेडिओ भिजलाच, तर चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी काढा, बाहेरचं जोडलेलं सगळं काढा, पंख्यासमोर दोन दिवस. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही, उलट पिठूळ धूळ सॉकेटात जाते. हेअर ड्रायर नको, ऊन नको.

रस्त्यावर

बाईकवर पेटी मागच्या कॅरिअरला बांधू नका. पडण्याची भीती वेगळी, पण इंजिन आणि रस्ता मिळून जी सतत थरथर देतात तिनं स्क्रू ढिले होतात. पाठीवर घ्या. माणसाच्या अंगासारखा धक्के पिणारा दुसरा फोम नाही. एसटीत मागच्या चाकावरची जागा टाळा, डिकीत तर देऊच नका. रेल्वेत पायाशी चालेल, वरच्या फळीवर नको.

उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याच्या कितीतरी वर जातो. डिस्प्ले आणि बॅटरी दोन्हींचं आयुष्य तिथे झरझर कमी होतं.

विमानाचं विचारायला बरेच जण फोन करतात. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यायची, टोकं झाकून. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १२.८ व्होल्टची ६ अँपिअर-अवर म्हणजे ७६.८, ही परवानगीशिवाय चालते, कारण सीमा १००ची आहे. १० अँपिअर-अवरची १२८ होते. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची आधी संमती लागते आणि अशा दोनच नेता येतात. त्याच्या पुढची नेताच येत नाही. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले नसतील तर आम्ही स्टिकर करून देतो, मोफत. परवान्याची प्रत रेडिओबरोबर ठेवा. तपासणीच्या टेबलावर हँडी वॉकीटॉकीसारखी दिसते आणि विचारणा होते. शांतपणे परवाना दाखवावा.

पेटी परत आणायची तेव्हा

फोम बसला, चेन अडकली, कडी सैल झाली, तर पेटी आणा. येताना रेडिओही आणा. नुसत्या मापावरून आम्ही फोम कापत नाही, कारण एकाच मॉडेलला कुणी वेगळा नॉब, कुणी बाजूच्या पट्ट्या लावलेल्या असतात. रेडिओ तुमच्या समोर खाचात बसवून, झाकण लावून, पेटी कानाशी धरून हलवून बघतो. आत टक असा आवाज आला तर परत कापतो.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)