फिशपाँड वेगळा, निरोपाचं मृत्युपत्र वेगळं

निरोप समारंभाची तयारी सुरू झाली की कुणीतरी सुचवतंच, "यंदा फिशपाँड नको, सिनियर्सचं मृत्युपत्र वाचू." कल्पना छान आहे, मला मनापासून आवडते. मग कागद जमा होतात आणि वाचायला घेतले की दिसतं, हे सगळे फिशपाँडच आहेत, फक्त प्रत्येकाच्या शेपटीला "देऊन जात आहे" एवढं चिकटवलंय. "अमक्याला थोडी अक्कल देऊन जात आहे." "तमकीला एक आरसा देऊन जात आहे." वर्षानुवर्षं हेच चाललंय, आणि त्यात एका सुंदर प्रकाराचं मातेरं होतंय.

फिशपाँडबद्दल फार सांगायला नको. खोक्यात चिठ्ठ्या टाकायच्या, लिहिणाऱ्याचं नाव नाही, ज्याच्यावर लिहिलंय त्याचं मात्र ठळक. निवेदक एकेक चिठ्ठी काढतो, हॉलमध्ये हशा पिकतो, ज्याच्यावर आहे तो लाजतो किंवा उसनं हसतो. कुठे याला शेलापागोटे म्हणतात. गॅदरिंगला गेलेल्या प्रत्येकाला हे पाठ आहे.

मृत्युपत्राची रीत अमेरिकेतली. तिथल्या हायस्कुलांच्या आणि कॉलेजांच्या इयरबुकांमध्ये, निदान विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, शेवटच्या वर्षाच्या मुलांचं हे सदर सर्रास सापडतं. वकिली थाटाची सुरुवात: आम्ही अमुक वर्षाचा वर्ग, शुद्धीवर असताना, आमची मालमत्ता पुढीलप्रमाणे वाटून देत आहोत. आणि मग एकेक वाटा, एकेका धाकट्याच्या नावे. त्याच पानांवर बहुधा 'वर्गाचं भविष्य'ही असतं, म्हणजे पुढे कोण काय होणार याच्या गमती. काहीजण हेही मृत्युपत्रात घुसडतात. भविष्यात कल्पना लढवायची, मृत्युपत्रात हाताशी आहे ते वाटायचं. हा फरक एकदा सांगितला की कुणी चुकत नाही, म्हणून त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

फिशपाँड यमकात आणि मृत्युपत्र गद्यात, असाही एक समज आहे. त्यात काही अर्थ नाही. फ्रेंच कवी फ्रान्स्वा व्हियोंनं १४५६ मध्ये अख्खं विनोदी मृत्युपत्र पद्यात रचलं. त्यात न्हाव्याला कापलेल्या केसांचे तुकडे मिळतात आणि चांभाराला जुने जोडे. तुम्हाला यमकं जुळवायची असतील तर खुशाल जुळवा. चिठ्ठी की कागद, खोका की माईक, गॅदरिंग की सेंड-ऑफ, हे सगळं तुमच्या सोयीनं ठरवा.

खरी गोम एकच आहे, आणि माणसं तिथेच घसरतात: जे देताय ते तुमचं होतं का?

खऱ्या मृत्युपत्रातही हाच पहिला प्रश्न असतो. शेजाऱ्याचा फ्लॅट मी माझ्या भाच्याच्या नावे लिहून ठेवला तरी भाच्याला काहीही मिळत नाही. विनोदी मृत्युपत्रालाही हाच नियम तंतोतंत लागू आहे, आणि त्याची सगळी गंमत या नियमातूनच येते. "अमक्याला अक्कल देतो" यात देणाऱ्याचं काय गेलं? काहीच नाही. त्यानं धाकट्याकडे बोट दाखवून "तुला अक्कल नाही" एवढंच म्हटलं. हा फिशपाँड झाला, आणि तोही सही केलेला, म्हणजे जास्तच टोचणारा. सिनियरनं ज्युनियरला भर हॉलमध्ये वरून ऐकवलेलं वाक्य, आणि ज्युनियरला उत्तर द्यायची सोय नाही.

या प्रकाराचं फार जुनं आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात नीट जमलेलं उदाहरण एका डुकराचं आहे. चौथ्या शतकाच्या आसपासचं लॅटिनमधलं एक विनोदी मृत्युपत्र आहे, त्याचा कर्ता अज्ञात. त्या काळची शाळकरी पोरं ते म्हणत खिदळायची, असं त्याच सुमाराच्या संत जेरोम या ख्रिस्ती पंडितानं लिहून ठेवलंय. ग्रुनियस कोरोकोट्टा नावाचं डुक्कर, आचारी सुरी घेऊन उभा आहे, आणि डुक्कर मृत्युपत्र सांगतंय. स्वतःच्या हातानं लिहिता येत नाही म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतोय, हेही सुरुवातीला कायदेशीरपणे नमूद केलंय. मग वाटणी: चांभारांना माझे राठ केस, बहिऱ्यांना कान, वकिलांना आणि बडबड्यांना जीभ, मुलांना मूत्राशय, दरोडेखोरांना खूर. शेवटी सात साक्षीदार, कारण रोमन मृत्युपत्राला सात लागत. त्यांचीही नावं खाटकाच्या दुकानातली वाटावीत अशी.

आता यात वकिलांची टिंगल आहेच. ती झाकलेलीही नाही. पण ती टिंगल करण्यासाठी डुकरानं स्वतःची जीभ मोजली आहे. वकिलांना टोमणा मिळतो आणि त्याबरोबर खरोखरीची जीभही मिळते. घेणाऱ्याला चिमटा काढायला हरकत नाही, पण त्याचा खर्च देणाऱ्याच्या खिशातून झाला पाहिजे. फिशपाँडमध्ये लिहिणाऱ्याचा काहीच खर्च होत नाही, त्याचं तर नावही कळत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा रोज उशिरा येतो. फिशपाँड असा होईल: "हजेरी संपली की हा उगवतो, सूर्यसुद्धा याच्याकडून वेळ लावून घेतो." ठीक आहे, फिशपाँड म्हणून चालेल. यावरून चुकीचं मृत्युपत्र: "याला मी एक घड्याळ देऊन जात आहे." घड्याळ तुमचं होतं का? तुम्ही वेळेवर येत होता का? नसाल येत, तर मग तेच लिहा की:

"मी, चार वर्षांत पहिल्या लेक्चरला एकदाही वेळेत न पोचलेला, मागच्या दारानं वाकून आत शिरण्याची माझी वाट चिरंजीवांच्या नावे करीत आहे. दार करकरतं, ते थोडं उचलून ढकलावं. सोबत 'लोकल लेट होती' हे कारण. मी ते सत्रात दोनदाच वापरलं म्हणून टिकलं. कृपया जपून खर्चावं."

मुलगा उशिरा येतो हे हॉलला कळलं, त्यानं स्वतःही हसून मान डोलावली, पण वाक्यात उघडा पडलाय तो देणारा. दार उचलून ढकलावं लागतं, ही माहिती चार वर्षं त्या दारातून शिरल्याशिवाय मिळत नाही. मालकीचा पुरावा असा तपशिलात दिसतो. "आळस देतो", "मस्ती देतो", "स्वॅग देतो" असल्या भाववाचक नामांना माझा ठाम विरोध आहे तो यासाठीच. कुणाचाही आळस कुणाच्याही नावानं खपतो. तुमचा आळस नेमका कुठे झोपायचा ते सांगा.

मालकीचा अर्थ फार ताणायचीही गरज नाही. "शेवटचा बाक तर कॉलेजचा, मग तो कसा देणार?" असं एकानं विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. बाक कॉलेजचा, पण त्यावर तीन वर्षं बसण्याची वहिवाट तुमची, ती देता येते. लायब्ररीतली पंख्याखालची खुर्ची, कॅन्टीनवाल्या काकांकडची उधारी, एम-थ्रीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताची, चार पानंच भरलेली आणि पुढे कोरीकरकरीत राहिलेली वही, हे सगळं देण्याजोगं. सवयी, युक्त्या, टोपणनावंही चालतात.

माणसं मात्र देता येत नाहीत. "माझ्या बाजूला बसणारी अमुक मी तमुकला देऊन जातो" हे वाक्य दरवर्षी कुणीतरी लिहितं आणि दरवर्षी ते वाचलं जाऊ नये असं मी सांगते. मुलगी कुणाची इस्टेट नाही. तिला समोर बसवून हे वाचणं सरळ सरळ अपमान आहे, हशा किती पडतो याच्याशी त्याचा संबंध नाही. शिक्षकांनाही देऊ नका. त्यांचा ओरडा खाण्याचा तुमचा मान द्या, तो तुम्ही कमावलेला आहे.

वारस निवडणं हा भाग लोक उरकून टाकतात. "सर्व ज्युनियर्सना शुभेच्छा" हे मृत्युपत्र नव्हे, ते ग्रीटिंग कार्ड आहे. एक वस्तू, एक माणूस, आणि त्यालाच का, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळलं पाहिजे. मला लक्षात राहिलेल्या वाटण्यांमध्ये एका मुलीनं दिलेला ॲप्रन आहे. उजव्या बाहीवर आयोडीनचा तपकिरी डाग, खिशाची शिवण उसवलेली. पहिल्याच प्रॅक्टिकलला ब्युरेट फोडून रडलेल्या ज्युनियरला तिनं तो दिला. मृत्युपत्रात एवढंच होतं की या ॲप्रननं तीन ब्युरेट आणि एक पिपेट फोडले असून तरीही तो पास झाला आहे. तिनं तो खरोखर घडी करून आणला होता आणि स्टेजवरच हातात ठेवला. म्हणून मी आग्रह धरते की दहातल्या निदान दोन वाटण्यांमध्ये खरी वस्तू हातात द्यावी.

भाषेचा थाट जरूर ठेवा, त्यात कंजूषी नको. "मी खाली सही करणार, राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता" ही आपल्याकडची मृत्युपत्राची भाषा काय सुरेख आहे! इंग्रजी नमुना नेटवरून उचलून त्याचं लंगडं भाषांतर करायची काहीच गरज नाही. आपल्या कायद्यात किमान दोन साक्षीदार लागतात, तेही घ्या. ज्यांना काही मिळालं नाही अशा दोन ज्युनियर्सना सह्या करायला बोलवा, म्हणजे तेही कार्यक्रमात येतात. आणि सही स्पष्ट, पूर्ण नावानिशी. निनावी मृत्युपत्र असं काही नसतंच. ज्याला नाव लपवायचंय त्यानं खोक्यात चिठ्ठी टाकावी.

एकाच संध्याकाळी दोन्ही ठेवता येतात का? येतात, पण फिशपाँड आधी आणि मृत्युपत्र शेवटी. उलटा क्रम करून पाहिलेल्यांचा कार्यक्रम मी पाहिलाय. सिनियर्स आपापलं वाटून खाली उतरले, काही ज्युनियर्सच्या हातात वह्या आणि ॲप्रन होते, आणि मग खोकं उघडलं. पहिल्या तीन चिठ्ठ्यांना कुणी हसलंच नाही, चौथीला निवेदकानं खोकं बंद केलं.