वीस रकात की आठ? इबादतीत दलील मागण्याचा इतिहास

रमजानचा चंद्र दिसला की तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजच्या, रकातींचा (नमाजच्या आवर्तनांचा) वाद हमखास निघतो. हनफी (इमाम अबू हनीफांचा पंथ मानणाऱ्यांच्या) मशिदीत वीस रकात होतात, अहले हदीसच्या (कुठल्याच इमामाचा पंथ न धरता थेट कुरआन-हदीसवर चालणाऱ्यांच्या) मशिदीत आठ. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ‘दलील (आधार) दाखवा’ म्हणतात, आणि बोलता बोलता ‘बिदअती’, म्हणजे धर्मात नवे घुसवणारा, हा शब्दही सुटतो. अनेक तरुणांना वाटते, हे सगळे मोबाइलवरच्या बयानांनी आणले. प्रत्यक्षात हा प्रश्न पैगंबरांच्या सोबत्यांच्या पिढीतच विचारला गेला होता, तोही फार जबाबदारीने.

मुळाशी दोन हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) आहेत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांची रिवायत (त्यांनी सांगितलेली हदीस) बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत येते: आमच्या या दीनमध्ये (धर्मात) जे नाही ते कोणी नव्याने घातले, तर ते रद्द आहे. दुसरी हजरत जाबिर यांची. पैगंबर खुतब्यात (प्रवचनात) सांगत, प्रत्येक बिदअत म्हणजे गुमराही (वाट चुकणे). पण मुस्लिमच्याच संग्रहात हजरत जरीर यांचीही रिवायत आहे. मुदर कबिल्याचे उघडेवाघडे, उपाशी लोक मदीनेत आले. एका अन्सारीने (मदीनेच्या मुसलमानाने) हाताला पेलवेना इतकी जड थैली आणून ठेवली आणि त्याचे पाहून बाकीचेही देऊ लागले. तेव्हा पैगंबर म्हणाले, इस्लाममध्ये जो चांगला पायंडा पाडतो त्याला त्याचा सवाब (पुण्य) मिळतो आणि त्यावर चालणाऱ्यांचाही. या रिवायती एकत्र कशा वाचायच्या, यावरच पुढची सारी चर्चा उभी राहिली.

तरावीहचेच बघा. पैगंबरांनी रमजानमध्ये काही रात्री मशिदीत ही नमाज पढवली. रोज गर्दी वाढत गेली आणि मग एका रात्री, मशीद भरलेली असताना, ते बाहेर आलेच नाहीत. फजरनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) त्यांनी कारण सांगितले: ही नमाज तुमच्यावर फर्ज (बंधनकारक) होईल, अशी मला भीती वाटली. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात वहीचा (ईश्वरी संदेशाचा) सिलसिला संपला होता, त्यामुळे ती भीती उरली नव्हती. एका रात्री त्यांनी पाहिले, लोक मशिदीत विखरून, कोणी एकटे तर कोणी छोट्या घोळक्यात नमाज पढत आहेत. त्यांनी सर्वांना हजरत उबय बिन काब यांच्या मागे एका जमातीत उभे केले. पुन्हा एका रात्री ती जमात पाहून ते म्हणाले, ‘ही किती चांगली बिदअत आहे!’ आणि लगेच जोडले की रात्रीच्या ज्या प्रहरी हे लोक झोपतात तो याहून चांगला आहे.

हे वाक्य पुढे दोन्ही बाजूंनी वापरले गेले. एका बाजूचे म्हणणे, उमरच ‘चांगली बिदअत’ म्हणतात, म्हणजे काही बिदअती चांगल्या असतात. दुसऱ्या बाजूचे उत्तर, उमर यांनी नवे काही घातलेच नाही, पैगंबरांनी स्वतः केलेली गोष्ट कारण सरल्यावर पुन्हा सुरू केली. मला दुसरे उत्तर अधिक पटते, पण पहिलेही उगाच काढलेले नाही. रकातींच्या आकड्याचे म्हणाल, तर इमाम मालिक यांच्या मुवत्ता या हदीससंग्रहात उमर यांच्या काळातील अकरा रकातींची रिवायत आहे आणि तेवीसचीही, वितर (शेवटची विषम रकातींची नमाज) धरून. तेवीसची रिवायत सांगणारे यजीद बिन रूमान उमर यांना भेटलेले नव्हते, हे अहले हदीस दाखवून देतात. बाकीचे म्हणतात की उम्मतीचा (मुस्लिम समाजाचा) मोठा भाग शतकानुशतके वीस पढत आला, हीसुद्धा दलीलच आहे. म्हणजे दलीलशिवाय कोणीच बोलत नाही. दलील कशाला म्हणायचे, यावर मतभेद आहे.

कुरआन एका ठिकाणी लिहून काढतानाही हेच झाले. यमामाच्या लढाईत कुरआन पाठ असलेले अनेक जण शहीद झाले तेव्हा उमर यांनी तो एकत्र करण्याचे सुचवले. पहिले खलिफा हजरत अबू बकर यांचा पहिला सवाल होता: पैगंबरांनी जे केले नाही, ते मी कसे करू? हे काम ज्यांच्यावर सोपवले त्या जैद बिन साबित यांनीही तेच विचारले. पहिल्या खलिफालाही हा सवाल स्वतःला विचारावासा वाटला, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढे फिकहच्या (धर्मविधींच्या शास्त्राच्या) इमामांनी याची चौकट बांधली. इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांचा सूर कडक होता. दीन पूर्ण झाला आहे, त्यात भर घालणे म्हणजे पैगंबरांनी काहीतरी पोहोचवायचे ठेवले असे म्हणणे. इमाम शाफिई (७६७–८२०) यांनी दोन भाग पाडले: कुरआन, सुन्नत (पैगंबरांचा पायंडा) वा सोबत्यांच्या आचाराविरुद्ध जाणारे नवे ते निंद्य, त्यांना धक्का न लावणारे नवे ते निंद्य नाही. त्यांच्याच मजहबातले (पंथातले) इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी तर बिदअतीचे वाजिबपासून (आवश्यक) हरामपर्यंत (निषिद्ध) पाच प्रकार केले. कुरआन समजण्यासाठी अरबी व्याकरण शिकणे त्यांनी वाजिबमध्ये धरले आणि मदरसे उभारणे मुस्तहबमध्ये (इष्ट, पण सक्तीचे नाही).

खरी कसोटी लागली ती रगाइबच्या नमाजवर. रजब महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रोजा धरायचा आणि त्या रात्री मगरिब (सूर्यास्तानंतरची) व इशा (रात्रीची) या नमाजांच्या मध्ये बारा रकात पढायच्या, प्रत्येक रकातीत सूरह (कुरआनचा अध्याय) कद्र तीन वेळा आणि सूरह इख्लास बारा वेळा, असा तिचा ठरलेला साचा होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस ती जेरुसलेममध्ये सुरू झाल्याचे आलिम (धर्मविद्वान) तुर्तूशी (मृत्यू ११२६) यांनी नोंदवले आहे. तिच्या फजीलतीची (थोरवीची) हदीस मुहद्दिसांनी (हदीसच्या जाणकारांनी) बनावट ठरवली. तरी लोकांना ती प्रिय झाली, मशिदी दिव्यांनी उजळू लागल्या.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात दमास्कसमध्ये तिच्यावरून दोन मोठे शाफिई आलिम समोरासमोर आले. इब्न सलाह म्हणाले, हदीस बनावट असली तरी रात्रीची नफिल (ऐच्छिक) नमाज पढण्याची आम तरगीब (सर्वसाधारण प्रोत्साहन) सहीह (अस्सल) हदीसमध्ये आहेच, तीत हीही बसते. इज्जुद्दीन यांनी साफ विरोध केला. ठरावीक रात्र, ठरावीक रकाती, ठरावीक सूरह हे सगळे शरीअतने ठरवायचे असते. आलिमच ती पढू लागले तर सामान्य माणूस तिला सुन्नत समजेल आणि पैगंबरांच्या नावावर खोटे खपेल. बिदअतीचे पाच प्रकार मानणारा, म्हणजे आजच्या भाषेत ‘ढिला’ आलिम, इबादतीचा साचा आला तेव्हा असा ठाम राहिला. त्यांच्यानंतर इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनीही रगाइबला निंद्य बिदअत म्हटले. त्यामुळे ‘चांगली बिदअत’ मानणारे सगळे काहीही चालवून घेत, हा समज टिकत नाही.

इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी हाच मुद्दा नियम म्हणून मांडला: इबादतीत मूळ तत्त्व थांबण्याचे, शरीअतने सांगितले तेवढेच, आणि रोजच्या व्यवहारात मूळ तत्त्व मुभेचे. लाउडस्पीकर, घड्याळ, मदरशाची इमारत या गोष्टी साधन आहेत, इबादत नाहीत. पुढे त्याच शतकात ग्रनाडाच्या शातिबींनी (मृत्यू १३८८) आणखी बारीक विचार केला. ज्या अमलाला मूळ दलील आहे, पण ज्याची वेळ, संख्या किंवा पद्धत लोकांनी ठरवली, तो त्यांनी वेगळ्या वर्गात ठेवला. फर्ज नमाजनंतर रोज सामूहिक दुआ करायला त्यांनी विरोध केला, तेव्हा लोकांनी उलट त्यांनाच बिदअती म्हटले.

मिलादचा, म्हणजे पैगंबरांचा जन्म साजरा करण्याचा, वाद या चौकटीतच येतो. इरबिलचा राजा मुजफ्फरुद्दीन (मृत्यू १२३३) मोठ्या थाटात मिलाद साजरा करी. सुयूती (मृत्यू १५०५) यांनी तिचे समर्थन केले, त्यांच्या आधी मालिकी आलिम फाकिहानी यांनी ती नाकारली होती. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न तापला. १८५७ नंतर मक्केत स्थायिक झालेले हाजी इमदादुल्लाह (१८१७–१८९९) स्वतः मिलादच्या मजलिसीत बसत, कियाम करत (पैगंबरांच्या सन्मानार्थ उभे राहत). त्यांचेच खलिफा (आध्यात्मिक वारस), देवबंदचे रशीद अहमद गंगोही (१८२९–१९०५) अशा मजलिसींविरुद्ध फतवे देत. तरीही पीर-मुरीदाचे नाते तुटले नाही. बरेलीचे अहमद रजा खान (१८५६–१९२१) यांनी मिलादची बाजू हिरीरीने मांडली, आणि पुढे मशिदीच वाटल्या गेल्या.

कोकणातल्या मुसलमानांना हे सगळे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे, कारण ते बहुतांशी शाफिई. रत्नागिरी-रायगडच्या शाफिई मशिदींत फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर (वाकून उठल्यावर) कुनूत ही दुआ म्हणतात. तिर्मिजीतल्या एका रिवायतीत अबू मालिक अशजईंच्या वडिलांनी तिला ‘नवी काढलेली गोष्ट’ म्हटले आहे, आणि हनफी तीच दलील देतात. शाफिई हजरत अनस यांची रिवायत पुढे करतात की पैगंबर शेवटपर्यंत फजरला कुनूत म्हणत राहिले. तिच्या सनदीवर (सांगणाऱ्यांच्या साखळीवर) हनफींचा आक्षेप आहे. देशावरचा हनफी अशा इमामामागे उभा राहिला तर काय करावे, हे हनफी फिकहने केव्हाच लिहून ठेवले आहे. इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद यांच्या मते त्याने कुनूत म्हणू नये, गप्प राहावे. त्याच मजहबाचे इमाम अबू यूसुफ यांच्या मते त्याने इमामाच्या मागे कुनूतही म्हणावी.