सनईला सॅम्पलर, बेसला सिंथ

‘दादा, सनईना चांगला टोन कोन्ता सिंथमा शे?’ घरी बसून अहिराणी गाणी तयार करणाऱ्या पोरांचा हा नेहमीचा प्रश्न. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतोच: ‘बेसची भारी लायब्ररी कुठून उतरवू?’ दोन्ही प्रश्न उलटे आहेत. सनईसाठी सिंथ धुंडाळायचा नसतो आणि बेससाठी चार-पाच जीबीची रेकॉर्डिंगची लायब्ररी उतरवायची नसते. सॅम्पलर आणि सिंथेसायझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही फुकटात उत्तम मिळतात, पण एकीचं काम दुसरीला दिलं की गाणं बिघडतं आणि पोरगं म्हणतं, फुकटचं सॉफ्टवेअर असंच असतं. सॉफ्टवेअरचा त्यात काही दोष नसतो.

सॅम्पलर तुम्हाला आधीपासून माहीत आहे, म्हणून त्यावर फार बोलत नाही. लग्नाच्या बँडमध्ये किंवा कानबाईच्या मिरवणुकीत यामाहाचा पीएसआर कीबोर्ड वाजवला असेल, तर तुम्ही सॅम्पलरच वाजवलात. कुणीतरी खरं वाद्य स्टुडिओत रेकॉर्ड केलं, ते रेकॉर्डिंग कीबोर्डच्या मेमरीत बसवलं, आणि तुम्ही पट्टी दाबली की ते वाजतं. लॅपटॉपवरचा सॅम्पलर हेच करतो, फक्त मेमरीच्या जागी हार्ड डिस्क असते आणि रेकॉर्डिंग कितीतरी जास्त असतात. सॅलमँडर नावाचा फुकट पियानो बघा. खरा यामाहा ग्रँड पियानो दर तीन पट्ट्यांनी एकदा रेकॉर्ड केलाय, आणि तोही प्रत्येक वेळी १६ वेगवेगळ्या जोरांनी. म्हणून तो एक जीबीच्या वर जातो.

सिंथमध्ये रेकॉर्ड केलेलं वाद्य नसतं. पट्टी दाबली की त्या क्षणी प्रोसेसर हिशोब करून आवाजाची लहर तयार करतो. पट्टी सोडेपर्यंत तो तयार करतच राहतो. म्हणून चांगला सिंथ काही एमबींचा असू शकतो आणि तरी त्यातून हजार आवाज निघतात. डिस्क आणि रॅम त्याला कमी लागते, प्रोसेसर मात्र जास्त लागतो. सॅम्पलरचं याच्या उलट.

इथवर सगळे माना डोलावतात. घोटाळा होतो तो दोन्हींचा चेहरा सारखा असल्यामुळे. सॅम्पलर उघडा, फिल्टर (आवाजाचा ठरावीक भाग कापणारा) दिसतो, ॲटॅक-डिके-सस्टेन-रिलीज म्हणजे सूर कसा चढतो-उतरतो ते ठरवणारं एन्व्हलप दिसतं, एलएफओ (सूर किंवा आवाज संथपणे हलवणारी लहर) दिसतो. सिंथ उघडा, तेच सगळं दिसतं. मग वाटतं, बटणं तीच, तर काम तेच. पण बटणांच्या आधी, मुळाशी काय वाजतंय ते महत्त्वाचं. ते कानाला कळतं कधी? सूर हलवल्यावर. एका पट्टीवर दोन्ही सारखेच गोड लागतील. वर-खाली गेलात, मींड घेतलीत, की दोघं वेगळे होतात.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. सॅम्पलरकडे मधल्या ‘सा’चं एकच रेकॉर्डिंग आहे असं धरा. तुम्ही वरचा ‘सा’ दाबला. सॅम्पलर काय करणार? तेच रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने वाजवणार. सूर दुप्पट उंच झाला, ते बरोबर. पण त्याबरोबर सगळंच दुप्पट झालं. दोन सेकंदांचा सूर एका सेकंदात संपला. वादकाने सेकंदाला पाच आंदोलनं घेतली होती, ती दहा झाली. सनईच्या पोटातून येणारा जो घुमारा असतो, ज्यावरून ती सनई आहे हे ओळखू येतं, तोही वर सरकला. मग सनई खेळण्यातल्या पिपाणीसारखी लागते. चांगल्या लायब्ररीत दर दोन-तीन पट्ट्यांना वेगळं रेकॉर्डिंग ठेवतात ते याचसाठी, की कुठलंही रेकॉर्डिंग फार ताणावं लागू नये.

याचं सगळ्यांच्या हाताशी असलेलं उदाहरण म्हणजे ८०८. रोलँडची टीआर-८०८ ही १९८० सालची ड्रम मशीन. तिच्यात एकही रेकॉर्डिंग नव्हतं, सगळे आवाज सर्किटमधून तयार व्हायचे. पण आपण वापरतो ती तिच्या किक ड्रमची ऑडिओ फाइल. ती फाइल सॅम्पलरमध्ये टाका आणि खालच्या पट्टीवर वाजवा, मग पाच पट्ट्या वर जाऊन वाजवा. वरचा सूर लवकर संपतो. टिमली नाचाच्या तालात बेस वर-खाली जातो तिथे काही सूर लांब आणि काही तोकडे पडतात, आणि मग पोरं कंप्रेसर (आवाजाचा लहान-मोठेपणा सपाट करणारा) लावत बसतात. कंप्रेसरने हे दुरुस्त होत नाही. सिंथवर तोच बेस करा: साइन लहर, डिके हवा तेवढा ठेवा, सुरुवातीला पिच झटकन खाली येईल असं छोटं एन्व्हलप लावा. आता प्रत्येक सूर सारख्याच लांबीचा, कारण लांबी एन्व्हलप ठरवतं आणि त्याला पट्टीशी देणंघेणं नसतं.

मींडेचंही तसंच. सॅम्पलरमध्ये दुसरी पट्टी दाबली की रेकॉर्डिंग पहिल्यापासून सुरू होतं, म्हणजे वादकाने सुरुवातीला मारलेली फुंक पुन्हा ऐकू येते. एका श्वासात घ्यायची मींड फुंकांचे तुकडे जोडल्यासारखी होते. महागड्या लायब्रऱ्यांत एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाचा आवाजही वेगळा रेकॉर्ड केलेला असतो, पण फुकटात तसं क्वचित मिळतं. सिंथमध्ये मोनो मोड (एका वेळी एकच सूर) लावा, पोर्टामेंटो (सूर घसरत नेणारं बटण) द्या, आणि जोडून वाजवलेल्या सुरांना एन्व्हलप पुन्हा सुरू होणार नाही अशी सेटिंग निवडा. सर्ज एक्सटी या फुकट सिंथमध्ये ती ‘मोनो एसटी’ नावाने आहे. आता एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तोड नाही.

आणि एक बटण आहे ज्याला आपल्याकडे कुणी हात लावत नाही: फिल्टरचं की-ट्रॅक. ते शून्यावर ठेवलं तर सूर वर जातो, पण फिल्टर जागचा हलत नाही. म्हणजे सूर बदलला तरी वाद्याचं पोट तेच राहतं. खऱ्या वाद्यात बऱ्याच अंशी असंच होतं. बँजोचे सूर बदलतात, त्याची लाकडी पेटी तीच राहते. साध्या सॅम्पलरला हे जमत नाही, कारण सूर आणि पोट त्याच्याकडे एकाच रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेलं असतं. लीड म्हणजे मुख्य धून वाजवताना पिच बेंडचं (सूर वाकवायचं) चाक मोकळेपणाने फिरवायचं असेल तर सिंथच घ्या, आणि बेंडची मर्यादा नेहमीच्या दोन पट्ट्यांवरून सात किंवा बारावर न्या.

मग सनई सिंथवर का नको? कारण सनई एका लहरीने होत नाही. पत्ती ओठांत धरल्यावर पहिल्या क्षणी जो खरखरीत आवाज येतो तो, श्वासाचा ओढा, मंद्रात एक रंग आणि तारात दुसरा, हे सगळं हिशोबाने उभं करायला खूप मेहनत लागते. सिंथच्या प्रीसेटमध्ये (आधीच तयार करून दिलेल्या आवाजांत) ‘शहनाई’ लिहिलेलं असतं, ती बहुतेक वेळा सॉ म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर आणि वर फिल्टर असते. मला हे प्रीसेट अजिबात आवडत नाहीत. खऱ्या वाद्याची खोटी नक्कल करण्यापेक्षा सिंथला त्याच्या स्वतःच्या आवाजात वाजू द्यावं. नंदुरबारकडच्या नाचाच्या गाण्यांत जो धारदार कीबोर्ड लीड असतो, तो कुठल्याही वाद्याची नक्कल करत नाही आणि म्हणूनच हजार माणसांत उठून ऐकू येतो.

एक शंका हुशार पोरं काढतात: व्हायटल या सिंथमध्ये वेव्हटेबल (लहरींचा तक्ता) असतं, तेही रेकॉर्डिंगमधून करता येतं, मग तो सॅम्पलर झाला का? नाही. वेव्हटेबलच्या एका घरात लहरीचा फक्त एक फेरा असतो, व्हायटलमध्ये २०४८ बिंदूंचा. तो फेरा हव्या त्या सुरात पुन्हा पुन्हा फिरवला जातो. त्यात फुंक नाही, आंदोलन नाही, लांबी नाही. रंग तेवढा रेकॉर्डिंगमधून आला, बाकी सगळं तुम्ही घडवायचं.

प्लगिन व्हीएसटी३ फॉरमॅटमधलं घ्यायचं की सीएलएपी, हा प्रश्न सोडून द्या. तुमचा सॉफ्टवेअर स्टुडिओ जे उघडतो ते घ्या, आवाजात फरक नाही.

आता नावं. सिंथमध्ये माझी पहिली पसंती सर्ज एक्सटी. मुळात तो विकत मिळायचा, २०१८ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला, आणि एक्सटी आवृत्ती २०२२ ची. पूर्ण फुकट, काहीही कापून ठेवलेलं नाही. दिसायला रुक्ष आहे म्हणून लोक बंद करतात, हे मला पटत नाही. दुसरा व्हायटल, मॅट टायटेलने २०२० मध्ये आणलेला. फुकट आवृत्तीत इंजिन पूर्ण मिळतं, प्रीसेट मात्र ७५. जास्त प्रीसेट हवे असतील तरच पैसे द्यायचे. शिकायला यासारखा दुसरा नाही, कारण लहर हलताना डोळ्यांसमोर दिसते, कुठलं बटण काय करतं ते विचारावं लागत नाही. पण जुन्या आय-थ्री लॅपटॉपला तो जड जातो, आणि मे महिन्यात भुसावळला दुपारी काम करत असाल तर पंख्याचा आवाज माइकमध्ये शिरेल. तशा मशीनवर टॅल नॉइजमेकर टाका. छोटा, हलका, आणि बेस-लीडला पुरून उरतो.

घंटा, टाळ, काचेसारखे चमकते आवाज हवे असतील तर डेक्स्ड. तो यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ चा अवतार आहे आणि त्या मशीनचे जुने प्रीसेट जसेच्या तसे वाचतो. त्याची बटणं समजायला अवघड आहेत, तिथे प्रीसेट वापरून मोकळं होण्यात मला काही गैर वाटत नाही.

सॅम्पलरमध्ये दोनच: प्लोगचा स्फोर्झांडो आणि डिसेंट सॅम्पलर. दोन्ही फुकट. कॉन्टॅक्ट या विकतच्या सॅम्पलरचा कॉन्टॅक्ट प्लेअरही फुकट आहे, पण त्यात एक गोम आहे. ‘फ्री कॉन्टॅक्ट लायब्ररी’ म्हणून जे फिरतं त्यातलं पुष्कळसं विकतच्या पूर्ण कॉन्टॅक्टसाठी बनवलेलं असतं. प्लेअरमध्ये ते १५ मिनिटं चालतं आणि थांबतं. लायब्ररी उतरवण्याआधी तिला प्लेअर चालतो का हे वाचून घ्या.

आणि क्रॅकचं, म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रतीचं. ग्रुपवर कुणीतरी ‘फुल व्हर्जन’ची लिंक टाकतो आणि वीस जण धन्यवाद म्हणतात. याचा मला मनापासून राग येतो. नैतिक बाजू आहेच, पण वर दिलेली कायदेशीर फुकट सॉफ्टवेअर त्या क्रॅकपेक्षा कमी दर्जाची नाहीत. त्यापायी लॅपटॉपमध्ये व्हायरस घ्यायचा आणि वर्षभराची प्रोजेक्ट्स धोक्यात टाकायची, हे कशासाठी?

सॅम्पलरचा खरा उपयोग तर आपल्याकडे कुणी करतच नाही. साक्री-नवापूरच्या पट्ट्यात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते. वाळलेला भोपळा आणि बांबू यांची ती बनते. तिची लायब्ररी लंडनच्या कुठल्या कंपनीने करावी म्हणून आपण वाट बघायची का? पावरी वाजवणाऱ्या बाबांना विचारून, त्यांना मानधन देऊन, पडदे लावलेल्या खोलीत रेकॉर्ड करा. वाद्यातून निघणारा प्रत्येक सूर वेगळा घ्या, एकदा हळू, एकदा जोरात, आणि प्रत्येकी तीनदा. तीनदा अशासाठी, की तोच सूर लागोपाठ वाजला तर दर वेळी वेगळं रेकॉर्डिंग यावं. नाहीतर मशीनगनसारखं एकसुरी लागतं. सूर लांब धरायला सांगा आणि आंदोलन घेऊ देऊ नका, ते नंतर एलएफओने घालता येतं. दर फाइलच्या सुरुवातीची शांतता कापून टाका, पण फुंकेचा पहिला आवाज कापू नका, पावरीची ओळख त्यातच आहे.

मग एसएफझेड फाइल लिहायची. ती नोटपॅडमध्ये लिहिता येते: ही ऑडिओ फाइल, या पट्टीपासून या पट्टीपर्यंत, हिचा मूळ सूर हा. प्रत्येक रेकॉर्डिंगला अशी एक ओळ. ट्यूनिंग ४४० च्या ‘ए’शी जुळणार नाही, पावरी कुणी ट्यूनर लावून बनवत नाही. आधी ती तशीच ठेवून गाणं तिच्या सुराला जुळवून बघा, आणि अगदीच जमलं नाही तर त्याच फाइलमध्ये सेंटचा आकडा टाकून सूर सरकवा. तयार झाली की स्फोर्झांडोत उघडा, आणि बाबांना पट्टीवर वाजवायला द्या. कुठला सूर खोटा लागतो ते त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.