नळी उघडी आहे, तरी डोळ्याचं प्रेशर का वाढतं?

काचबिंदूसाठी डोळ्यात अहमद झडप (डोळ्यातला द्रव बाहेर काढणारी नळी आणि तिला जोडलेली चकती) बसवली, पहिले काही दिवस प्रेशर १०-१२ मिलिमीटर पारा राहिलं आणि महिना-दीड महिन्यानं ते पंचविशीपार गेलं, की घरचे म्हणतात, "ऑपरेशन फसलं." हा निष्कर्ष घाईचा आहे. नेत्रतज्ज्ञ याला 'हायपरटेन्सिव्ह फेज', म्हणजे दाब चढण्याचा टप्पा, म्हणतात. अहमद झडपेनंतर तो बऱ्याच रुग्णांत दिसतो आणि त्याचं मूळ सहसा नळीत नसतं.

डोळ्यात दर मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर द्रव तयार होतो. सिलिकॉनची बारीक नळी तो बुबुळासमोरच्या कप्प्यातून घेते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, पापणीआड शिवलेल्या चकतीवर सोडते. काही आठवड्यांत शरीर या परक्या चकतीभोवती तंतुमय आवरण विणतं. द्रवाला त्यातूनच झिरपत बाहेरच्या केशवाहिन्यांपर्यंत पोचावं लागतं. म्हणजे आता प्रेशर मुख्यतः हे आवरण ठरवतं!

यातलं गणित मला फार देखणं वाटतं. आवरणाच्या आतबाहेरच्या दाबांतला फरक म्हणजे मिनिटाला येणारा द्रव गुणिले आवरणाचा अडथळा. अडथळा जाडीबरोबर वाढतो, क्षेत्रफळाबरोबर घटतो. चकतीचा आकार म्हणूनच महत्त्वाचा: अहमदच्या नेहमीच्या मॉडेलचा १८४ चौरस मिलिमीटर, मदुराईच्या ऑरोलॅब कंपनीच्या 'एएडीआय' या अशाच नळी-चकतीचा ३५०. (एएडीआयला झडप नसते. तिची नळी विरघळणाऱ्या धाग्यानं बांधतात आणि तो सुटेपर्यंत, साधारण ५-६ आठवडे, प्रेशर चढलेलं राहू शकतं. तिथलं कारण वेगळं.)

आता लाप्लासचा नियम आणू. पोकळ गोलाच्या भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दाब वाढला की आवरण ताणलं जातं, ताणलेल्या पेशी जास्त कोलॅजन (तंतूंचं प्रथिन) विणतात, आवरण जाड होतं आणि दाब आणखी चढतो. त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या द्रवात टीजीएफ-बीटासारखी, व्रण घट्ट करणारी प्रथिनंही असतात.

हे चक्र तोडायला टिमोलॉल, डॉर्झोलामाइड हे थेंब द्रवाची निर्मितीच कमी करतात. समजा २ मायक्रोलिटरला दाबाचा फरक १६ मिलिमीटर पारा आहे. निर्मिती १.४ वर आणली, तर आवरण तेवढंच जाड असूनही तो ११ वर येतो. म्हणून "नळी बसवली, मग थेंब कशाला?" हा प्रश्नच चुकीच्या समजुतीवर उभा आहे.

अर्थात, आधी डॉक्टर नळीच्या तोंडाशी रक्ताची गुठळी किंवा बुबुळ अडकलंय का, हे पाहतात. सूज उतरवायला दिलेले स्टेरॉइडचे थेंबही काहींचं प्रेशर वाढवतात, पण ते आपल्या मनानं बंद करू नयेत.

आणि मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी यांपैकी काहीही अशा डोळ्यात घालू नका. नळीवरचा पातळ पडदा विरला असेल, तर जंतूंना थेट डोळ्याच्या आत वाट मिळते आणि त्यात डोळा गमावण्याची वेळ येते.

थेंबांनी भागलं नाही, तर आवरणाला सुईनं छेद देतात किंवा त्याचा भाग कापून काढतात. त्यानंतरचे पर्याय म्हणजे दुसरी चकती, किंवा द्रव बनवणाऱ्या ऊतीवर लेझर.