हिरव्या पुवाचा जिवाणू

नागपुरात आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांपैकी कुणी गडचिरोलीहून आलेलं असतं, कुणी बालाघाटहून. पेशंटचा कल्चर रिपोर्ट हाती पडतो आणि औषधांच्या नावांपुढे ओळीने ‘आर’ दिसतं. आर म्हणजे रेझिस्टंट, ते औषध चालणार नाही. वर जिवाणूचं नाव असतं: स्यूडोमोनास एरुजिनोसा.

नाव त्यांना नवं, जिवाणू मात्र जुना. जखमेच्या पट्ट्या निळ्या-हिरव्या का होतात याचा शोध घेताना कार्ल जेसार या फ्रेंच औषधतज्ज्ञाने १८८२ मध्ये तो वेगळा काढला. पुढे १८९९ मध्ये जर्मनीत एमरिश आणि लोव यांनी याच जिवाणूच्या अर्कातून ‘पायोसायनेज’ हे औषध तयार केलं. काही वर्षं ते घटसर्पावर वापरलंही गेलं. इतर जंतूंना मारणारी द्रव्यं तो स्वतःच बनवतो, म्हणून हे जमलं.

त्याच्या चिवटपणाचं मूळही तिथेच आहे. माती आणि पाणी हे त्याचं घर. तिथे शेजारच्या बुरशीच्या, जंतूंच्या विषाला तोंड देतच जगावं लागतं. त्याच्या कवचातून औषध सहजी आत शिरत नाही, शिरलंच तर पंपासारखी प्रथिनं ते बाहेर फेकतात. अँटिबायोटिकच्या अतिवापराने जंतू हट्टी झाले असं आपण म्हणतो, आणि ते खरं आहे. पण हा मुळातच हट्टी होता, आपण त्याला आणखी शिकवलं.

धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. उन्हाळ्यात आपल्या कूलरच्या टाकीत साचतं तसलं पाणी त्याला मानवतं. भाजलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या, लघवीची नळी लावलेल्या माणसाला मात्र तो गाठतो.

पेनिसिलिन त्याला कधीच लागू पडलं नाही. साठच्या दशकात जेंटामायसिन आणि कार्बेनिसिलिन आलं, मग सेफ्टाझिडिम, ऐंशीच्या दशकात कार्बापेनेम गटातलं इमिपेनेम. प्रत्येकावर त्याने तोड काढली. या गटातली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ हा औषधविक्रीचा नियम लागू झाला. उरलं कोलिस्टिन. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून सत्तरच्या दशकात मागे पडलेलं हे औषध पुन्हा बाहेर काढावं लागलं. आपल्या देशात तेच कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जात होतं. केंद्र सरकारने त्यावर २०१९ मध्ये बंदी घातली. तोवर आयसीयूत ते शेवटचा आधार होऊन कित्येक वर्षं झाली होती.