झांझिबारच्या बाजारातल्या वस्तू मूळच्या कुठल्या?

टांझानियाच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर, स्टोन टाउन या जुन्या शहरातल्या गिझेंगा गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना तोच माल दिसतो. भडक रंगांतली जिराफ-हत्तींची चित्रं, काळ्या लाकडातली शिल्पं, टांझानाइट या निळ्या रत्नाच्या अंगठ्या, दोरीवर टांगलेले कांगा म्हणजे बायकांनी नेसायची छापील कापडं, आणि विणलेल्या छोट्या टोपलीत बांधून ठेवलेली लवंग, दालचिनी, जायफळ. दुकानदार हे सगळं झांझिबारची आठवण म्हणून विकतो आणि पर्यटकही तसंच समजून घेतो. पण चित्रांची शैली दार-ए-सलामची आहे, शिल्पकला टांझानिया-मोझांबिक सीमेवरच्या माकोंडे लोकांची, टांझानाइट अरुशाजवळच्या मेरेरानीतला, कांगाचं कापड बऱ्याचदा भारतात छापलेलं आणि लवंग मूळची इंडोनेशियाची. यात फसवणूक शोधण्यात अर्थ नाही. दुसरीकडचा माल आणून तिसऱ्याला विकणं हाच या बेटाचा पिढीजात धंदा आहे.

तो वाऱ्यामुळे सुरू झाला. डिसेंबर ते मार्च या काळात ईशान्येकडून कास्काझी वारा वाहतो आणि अरबस्तान, कच्छ, कोकण-मलबारकडची गलबतं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला लावतो. एप्रिलनंतर कुसी हा वारा उलटा वाहू लागला की ती परतीला लागतात. मधले काही आठवडे व्यापाऱ्यांना किनाऱ्यावर काढावेच लागत. मुख्य भूमीपासून जवळ पण सुरक्षित, गोडं पाणी आणि चांगलं बंदर असलेलं झांझिबार त्यासाठी सोयीचं होतं.

लवंग मात्र वाऱ्याने आली नाही, ती चोरून आणलेली. इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर डचांनी लवंगेची मक्तेदारी राखली होती. १७७० मध्ये पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने पाठवलेल्या माणसांनी तिथून रोपं पळवून मॉरिशसला आणली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती झांझिबारला पोचली. ओमानचा सुलतान सय्यद सईद याला या झाडात पैसा दिसला. १८४० च्या सुमारास त्याने दरबारच मस्कतहून इथे हलवला. एका नारळामागे तीन लवंगा लावा, नाहीतर जमीन जप्त, असा त्याचा हुकूम होता म्हणतात. लवंगेच्या कळ्या उमलण्याआधी हाताने खुडाव्या लागतात, म्हणून माणसं लागली, आणि ती मुख्य भूमीवरून गुलाम करून आणली गेली. मसाल्याच्या बागांच्या सहलीत वाटाडे व्हॅनिला आणि इलांग-इलांगच्या फुलांवर तासभर बोलतात, हा भाग मात्र घाईत उरकतात असं मला वाटतं. गुलामांचा बाजार १८७३ मध्ये इंग्रजांच्या दडपणाखाली बंद झाला. त्या जागी आज अँग्लिकन कॅथेड्रल उभं आहे. कायद्याने गुलामगिरी संपायला मात्र १८९७ उजाडलं. त्याआधी, १८७२ मध्ये, एका भयंकर वादळाने मुख्य बेटावरच्या बागा झोपवल्या. शेजारचं पेंबा बेट वाचलं आणि तेव्हापासून लवंगेचं खरं कोठार तेच.

या सगळ्यात भारताचा हात मोठा होता. सुलतानाचं जकात वसुलीचं कंत्राट अनेक वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होतं. हस्तिदंत मुंबईला येऊन पुढे चुड्यांसाठी किंवा युरोपला जाई. १९३५ संपेपर्यंत झांझिबारमध्ये चलन होतं तेही रुपयाच. १९३७ मध्ये तिथल्या सरकारने लवंगेची खरेदी आणि निर्यात एका उत्पादक संघाच्या ताब्यात दिली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणारे भारतीय व्यापारी बिथरले. काँग्रेसने त्यांची बाजू घेऊन झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. भारत हे लवंगेचं बडं गिऱ्हाईक असल्याने तो बेटाला चांगलाच झोंबला आणि १९३८ मध्ये तडजोड झाली. विड्याला टोचायच्या लवंगेनेही राजकारण केलं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.

प्रवाशांना 'आठवण' विकण्याचा धंदा साधारण सुवेझ कालव्यानंतरचा. १८६९ मध्ये कालवा खुला झाला, एडनहून टपालाच्या आगबोटी येऊ लागल्या आणि काही तासांसाठी किनाऱ्यावर उतरणारा, पैसे असलेला प्रवासी बेटाला पहिल्यांदा भेटला. त्याच्यासाठी पोस्टकार्डं छापली ती गोवेकरांनी. गोम्स आणि कुतिन्हो या गोवन छायाचित्रकारांच्या पेढ्यांनी सुलतानाचा महाल, कोरीव दरवाजे, लवंग वाळवणाऱ्या बायका असली चित्रं बोटीवरच्या लोकांना विकली. आज जुन्या झांझिबारची म्हणून जी छायाचित्रं छापून विकली जातात, त्यातली बरीच या पेढ्यांचीच आहेत.

कोरीव पेट्यांची कथाही अशीच. पितळी पत्रे आणि खिळ्यांनी मढवलेली, आत चोरकप्पे असलेली 'झांझिबार पेटी' संग्राहकांना फार प्रिय. तिचे जुने नमुने मुंबई, सुरत, मलबारकडून गलबतांत भरून आलेले. नंतर स्थानिक सुतारांनी ती उचलली. दरवाज्यांचं तसंच: सरळ चौकटीचे अरबी धाटणीचे, वर कमान असलेले भारतीय धाटणीचे, आणि पितळी टोकदार खिळे हत्तींना रोखणाऱ्या भारतीय दरवाज्यांची नक्कल. झांझिबारच्या रस्त्यात हत्ती कधी फिरत नव्हते, तरी खिळे राहिले.

मग १२ जानेवारी १९६४ ची क्रांती झाली. सुलतान पळाला, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले किंवा परागंदा झाले, दुकानांना कुलपं लागली. लवंगेची खरेदी सरकारी महामंडळाकडे गेली. चोरून केनियात लवंग नेणाऱ्याला जबर शिक्षा होती. याच धामधुमीत बेट सोडून गेलेल्या पारशी बलसारा कुटुंबातला मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकून नुकताच परतला होता. तो पुढे 'क्वीन' या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. आज त्याच्या नावाचे टी-शर्ट स्टोन टाउनमध्ये खपतात, पण बेटावरच्या सनातनी मंडळींना त्याचा अभिमान आहेच असं नाही.

लवंगेवर चाललेलं सरकार पर्यटनाकडे वळलं ते नाइलाजाने. लवंग घातलेल्या क्रेटेक सिगारेटींमुळे लवंगेचं माहेर असलेला इंडोनेशियाच मोठा खरेदीदार झाला होता. त्याने स्वतःची लागवड वाढवली आणि १९८० च्या दशकात बाहेरून घेणं जवळपास थांबवलं. भाव कोसळले. त्याच सुमारास झांझिबारने खासगी गुंतवणुकीला आणि पर्यटकांना दारं उघडली. जी लवंग पोत्यांनी जात होती ती पन्नास ग्रॅमच्या पुडीत आली. पुडी घेताना लवंगेच्या देठाकडे नख दाबून बघावं, तेल सुटलं पाहिजे. आणि 'झांझिबारचं केशर' घेऊच नये. केशर उष्ण दमट हवेत येत नाही, त्या डबीत बऱ्याचदा आपल्याच ओळखीच्या करडईच्या पाकळ्या असतात.

सगळ्यांत रसरशीत वस्तू कांगा. सुमारे दीड मीटर लांब, एक मीटरहून थोडं रुंद सुती कापड, चारी बाजूंनी काठ, मधे नक्षी आणि खालच्या काठाच्या वर स्वाहिलीत एक ओळ. जोडीनेच विकतात, गिऱ्हाइकाने मधून कापून कडा दुमडून घ्यायच्या. त्याआधी इथे अमेरिकेतल्या सेलमहून येणारं कोरं मांजरपाट, म्हणजे मेरिकानी, चालायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बायकांनी छापील रुमालांचे ताग्यातले सहा-सहा तुकडे जोडून अंगावर घ्यायला सुरुवात केली, आणि व्यापाऱ्यांनी ते एकाच कापडात छापून आणले. छपाई आधी युरोपात, मग जपान आणि भारतात. १९६८ मध्ये चीनच्या मदतीने दार-ए-सलामला उराफिकी गिरणी निघाली, पण आयात खुली झाल्यावर भारत-चीनचा माल पुन्हा वरचढ ठरला. ओळी आधी अरबी लिपीत असत, नंतर रोमन आली. 'हाकुना कामा मामा', आईसारखं कुणी नाही, हे नेहमीचं. पण खरी मजा टोमण्यांची. सवतीला, शेजारणीला, नवऱ्याला तोंडावर न बोलता योग्य दिवशी योग्य कांगा नेसून बाई समोरून जाते. म्हणून दुकानात ओळ वाचून घ्यावी, नुसत्या रंगावर जाऊ नये.

सुरुवातीला सांगितलेली जिराफ-हत्तींची चित्रं, म्हणजे टिंगाटिंगा, त्या मानाने कालची. एडवर्ड सईद टिंगाटिंगा याने १९६८ च्या सुमारास दार-ए-सलाममध्ये हार्डबोर्डवर सायकलच्या चकचकीत रंगांनी ती काढायला सुरुवात केली. १९७२ मध्ये पोलिसांच्या चुकीच्या गोळीने तो गेला आणि नातलग-शिष्यांनी शैली चालू ठेवली. टांझानाइट सापडला १९६७ मध्ये. शिंपले, शंख आणि कासवाची पाठ कुणी दाखवलीच तर हात लावू नये. तिथेही अडचण आणि आपल्या कस्टम्सवरही.

अलीकडची भर म्हणजे समुद्री शेवाळाचा साबण. १९८९ च्या सुमारास फिलिपिन्सहून आणलेल्या वाणांची शेती पूर्व किनाऱ्यावर पाजे, जांबियानीकडे सुरू झाली. ओहोटीला उथळ पाण्यात खुंट्या ठोकून दोरीला शेवाळाचे तुकडे बांधायचे, काही आठवड्यांनी काढून वाळवायचे. हे काम बहुतेक बायकांचं. वाळलेला माल परदेशी कारखान्यांत जातो, भाव मात्र नगण्य. म्हणून काही गटांनी तो दळून त्यात खोबरेल आणि मसाल्यांची तेलं घालून साबण करायला घेतला, तो हॉटेलांत आणि गल्लीतल्या दुकानांत जातो. आता पाणी तापू लागल्याने जास्त भावाचा वाण उथळात तगत नाही. तो खोल पाण्यात जाळ्यांत लावून बघतायत, पण त्यासाठी होडी लागते आणि पोहता यावं लागतं, आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक बायकांना ते लहानपणी कुणी शिकवलेलं नाही.