'लाज' आणि 'लज्जा'सारखेच: एका लॅटिन शब्दाचे वंशज

संस्कृत 'लज्जा' जिभेवर झिजून 'लाज' झाली आणि पुढे पोथीतून 'लज्जा'ही पुन्हा मराठीत आली. लॅटिनच्या 'वेरेकुंदिया'चं तसंच झालं.

या शब्दाच्या मुळाशी 'वेरेओर' हे क्रियापद आहे: आदरयुक्त भीती बाळगणे. म्हणून वेरेकुंदिया म्हणजे अपराधीपणा नव्हे, तर समोरच्याची चाड. इ.स.पूर्व 44 मध्ये रोमन वक्ता सिसेरोने कर्तव्यांवरच्या ग्रंथात भेद केला तो असा: माणसांना इजा न करणं हे न्यायाचं काम, त्यांचं मन न दुखावणं हे वेरेकुंदियाचं.

लॅटिनमधून निघालेल्या भाषांतली तद्भव रूपं पाहा. इटालियन 'वेर्गोन्या', पोर्तुगीज 'व्हेर्गोन्या', स्पॅनिश 'बेर्ग्वेन्सा' (माद्रिदकडे 'बेर्ग्वेन्था'). स्पॅनिशमध्ये दोन स्वरांमधल्या 'क'चा आधी 'ग' झाला, मग त्याच्या आधीचा 'ए' गळला. क्रम उलटा असता तर 'क' 'र'ला चिकटून तसाच राहिला असता. शेवटच्या 'न्दिया'चं इटालियन-पोर्तुगीजमध्ये 'न्या' झालं. स्पॅनिशमधला 'ग्वे' मात्र नियमात बसत नाही; ऱ्हस्व 'उ'पासून तिथे एरवी साधा 'ओ' येतो. शिकणारे अडखळतात तेही इथेच. आघात असेल तर 'ग्वे', नसेल तर 'गो': क्रियापद 'आबेर्गोन्सार', पण 'मी लाजवतो' हे 'आबेर्ग्वेन्सो'. लिहिताना या 'ग्वे'तल्या 'यू'वरचे दोन टिंब विसरले तर उच्चार 'गे' होतो.

अर्थही सरकला. विनय मागे पडून शरम पुढे आली, आणि स्पॅनिशमध्ये 'सिन' (विना) जोडून निर्लज्जासाठी 'सिनबेर्ग्वेन्सा' ही सणसणीत शिवी तयार झाली. फ्रेंचमध्ये 'व्हेर्गोन्य' आता जवळपास 'सां व्हेर्गोन्य' (निलाजरेपणाने) एवढ्यापुरताच जिवंत आहे. शरमेसाठी तिथे 'आँत' हा जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातला) शब्द ठाण मांडून बसला. रुमानियनमध्ये निराळाच 'रुशिने' आहे.

शालीनतेची रिकामी जागा पंडितांनी पुस्तकी लॅटिनमधून भरली. 'पुदोर' स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये तसाच, इटालियनमध्ये 'पुदोरे', फ्रेंचमध्ये 16व्या शतकात 'प्युदर'. इटालियनने तर 'वेरेकोंदिया'ही तत्सम म्हणून परत घेतला, पण तो ग्रांथिकच राहिला.

अमेरिकेतून आपल्याकडे आलेल्या लाजाळूला या दोन्ही घराण्यांतली नावं मिळाली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये तिला 'पुदोर'च्या कुळातलं 'मिमोसा पुडिका' हे नाव दिलं; काही स्पॅनिशभाषक प्रदेशांत लोक तिला 'बेर्गोन्सोसा' म्हणतात.